डबी परत पाठवण्याविषयी

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. तुमची कंबर कशी आहे? लग्नघरात वाकणं-उठणं फार होतं, जपा. लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना मी हे पुराण लावतेय, पण कारण आहे, आणि ते तिच्या चेहऱ्याचंच आहे. आधी सगळं वाचा, मग रागवा.

जाऊबाई आणि मी घरी क्रीम करतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे (त्या ढवळतात, मी बोलते). कोरफड आमच्या कुंडीतली, मेण ओळखीच्या मधवाल्याचं, म्हणून मी लेबलवर ठसठशीत छापून घेतलं, ‘शंभर टक्के सेंद्रिय’. कोपऱ्यावरचा दुकानदार डब्या ठेवायला तयार झाला आणि लेबलं तपासणाऱ्या एक बाई घरी आल्या. मला वाटलं, चहा घेतील नि जातील.

त्यांनी विचारलं, डबीत सगळ्यात जास्त काय आहे? मी म्हटलं, पाणी. तर म्हणे पाण्याला सेंद्रिय म्हणता येत नाही, ते शेतात पिकत नाही. हा शब्द पीक कसं वाढवलं त्याचा, आणि त्याला दाखला लागतो. मी कुंडी दाखवली. (त्यात जाऊबाईंनी माझ्या नकळत टाकलेलं दुकानातलं पांढरं खत अजून विरघळायचं होतं.) इतक्यात तुमचे बंधुराज बाहेर आले आणि म्हणाले, रसायनशास्त्राच्या पुस्तकात रॉकेलसुद्धा सेंद्रियच असतं. मदतीला आले आणि मुळावर उठले. मी म्हटलं, बरं, निदान ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ तरी ठेवू. बाई शांतपणे म्हणाल्या, “खाजकुइलीसुद्धा नैसर्गिकच असते.”

आता लेबलवर एवढंच उरलंय: ‘क्रीम. झाकण घट्ट लावा.’

तिथवर मला नुसता राग होता. मग त्यांनी मागच्या महिन्याची डबी उघडली. टिकण्यासाठी आम्ही काहीच घालत नाही, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. पाणी घातलेली क्रीम तशी ठेवली तर नासते, हे त्या दिवशी कळलं. आत हिरवे ठिपके होते. ती कोरफड नव्हती.

थोरामोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्या.

तुमची धाकटी भावजय

ता. क. नवरीला पाठवलेली डबी त्याच घाण्यातली आहे. तिनं अजून उघडली नसेल तर देव पावला. उघडली असेल तर आजच त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. पोरीच्या चेहऱ्याला काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही, हे अगदी मनापासून लिहितेय.

दुसरा ता. क. पत्र तुमचे बंधुराजच आणताहेत. डबी हातात पडल्याशिवाय परतायचं नाही, असं बजावलंय. त्यांना विज्ञानावर बोलू देऊ नका.

तिसरा ता. क. मी काय लावते, असं नवरी नक्की विचारेल. तिला सांगा, मामी बाजारातलीच लावते. माझी त्वचा पहिल्यापासून फार नाजूक आहे.