फादर ओडिलोंचे भुरके

२१ जानेवारी
ख्रिस्ती मठात पाहुणी म्हणून पोचले. बाहेर उणे सव्वीस. आत ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. शिसारी आली. पण संकल्प पक्का: फेब्रुवारी संपायच्या आत कादंबरीचं पहिलं प्रकरण पूर्ण. नाहीतर घरी जाऊन चार धाकट्या भावंडांची शाळा घ्यायची, असं आईशी ठरलंय. आमच्या घरी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल आणि बाई म्हणजे आई. शिष्टाचारात मला पैकीच्या पैकी. वर्गात पहिली. वर्गात एकटीच होते, पण म्हणून नंबर खोटा ठरत नाही.

२२ जानेवारी, दुपार
जेवताना इथे कुणी बोलत नाही. एक जण उंच डेस्कमागे उभा राहून पुस्तक वाचतो, बाकीचे खातात. तो मागून जेवतो. अ‍ॅबटनी, म्हणजे मठाच्या प्रमुखांनी, टेबलावर टकटक केली की वाचन बंद. सुंदर प्रथा. पण शांततेत सगळंच ऐकू येतं. माझ्या डावीकडे फादर ओडिलो. ऐंशीच्या पुढचे, दाढीत कालची बार्ली. आणि सूपचे भुरके! सुर्रर्र. ओकारी यायचीच बाकी. मी कुणाला नावं ठेवत नाही, म्हणून फक्त इथे लिहिते.
लिखाण नाही. प्रवासाचा शीण.

२५ जानेवारी
मी चमचा उचलला की यांचं सुरू. मी ठेवला की बंद. मुद्दाम करतात! असं मनात आणणं पाप आहे का? पाहुण्यांचं बघणाऱ्या ब्रदर कोलंबनना विचारलं. म्हणाले, पापाचं राहू द्या लेखिकाबाई, प्रकरण कुठवर आलं? मी म्हटलं, जवळजवळ झालंच. ‘जवळजवळ’ हे खोटं बोलणं होतं का, यावर दुपारभर विचार केला. त्यामुळे लिखाण नाही.

३१ जानेवारी
कादंबरी पणजीवर आहे. प्रेअरीच्या गवताळ माळावर आली आणि मातीचं घर बांधलं. पणजी अजून दारातच उभी. डोक्यात भुरके असल्यावर ती आत येणार कशी? आधी त्यांच्यावरच एक पान लिहून टाकलं. चिखलातून बूट उपसल्यासारखा आवाज, वगैरे. झकास जमलंय. नाव घातलं नाही, ‘एक वृद्ध’ एवढंच.

६ फेब्रुवारी
भयंकर. दहाला संत स्कोलास्टिकाचा सण. मुक्कामाला कुणी लेखिका असली, तर त्या दिवशी जेवताना तिचं एक पान वाचायची इथली रीत. ब्रदर म्हणाले, झालंय ना प्रकरण? मग द्या की. लाजताय काय, आम्ही टोमॅटो नाही फेकणार, हिवाळ्यात मिळतात कुठे!
हो म्हटलं.

९ फेब्रुवारी
पणजी दारातच. आळस नव्हे, थंडी. नाही म्हणावं तर ‘जवळजवळ’ उघडं पडणार. पूर्ण झालेलं पान एकच. तेच दिलं. एका परीने फादर ओडिलोंवर उपकारच.

१० फेब्रुवारी, दुपार
वाचायची पाळी फादर ओडिलोंचीच निघाली. डेस्कमागे उभं राहून, एका सुरात, अक्षरन् अक्षर वाचलं. पहिल्याच वाक्याला सगळ्यांचे चमचे हवेत थांबले. कुठे बघावं कळेना, म्हणून मी खाली मान घालून सूप पीत राहिले.
सुर्रर्र.
डावीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी.
अ‍ॅबटनी टकटक केली.
नंतर फादर ओडिलो दारात भेटले. म्हणाले, अगं पोरी, मला आवडायचं ते. हल्ली या कानांना दुसरं काही ऐकूच येत नाही. वाटायचं, चला, कुणालातरी आमचं सूप गोड लागतंय.

११ फेब्रुवारी
सूप नको म्हटलं. कोरडा टोस्ट खाल्ला. कुर्रम. चमचे पुन्हा थांबले.
आईला फोन केला. प्रकरण झालं नाही, सांगून टाकलं. म्हणाली, बरं, ये. सोमवारपासून धर पोरांना. पहिला तास शिष्टाचाराचा ठेवलाय, तुझा हातखंडा.