आईच्या वाकळेतला तुकडा

लोहा, ३ जानेवारी २०२५

चि. लुंबिनीस, दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आपल्या विहारात थायलंडहून मालिवान नावाची चित्रकार आली आहे. रंग थोडेच वापरते, बाकी रोजच्या वापरातल्या वस्तू चिकटवून चित्र करते. आपल्या भिंतीसाठी मोठा बोधिवृक्ष चालला आहे. मला तर जेवणसुद्धा सुचत नाही!

पण गंमत झाली. तिने घरोघरी वापरलेलं काहीबाही मागितलं. पाहुणीला मळकं कसं द्यायचं, म्हणून साऱ्यांनी धुऊन, घासून नेऊन दिलं. सटवाजीकाकांनी खताचं पोतं इतकं चोळलं की वरची अक्षरंही गेली. महानंदाने तर कोरं लुगडंच दिलं. बिचाऱ्या मालिवानने कपाळाला हात लावला. तिला डाग हवेत, झिजलेलं हवं, असं भंतेजींनी समजावलं. आता सगळा मोहल्ला घरात डाग शोधून राहिला आहे.

विनंती अशी, की आईने शिवलेली शेवटची वाकळ तुझ्याकडे आहे. तिचा वीतभर तुकडा झाडाच्या बुंध्याला लागला, तर आई विहारात राहील. पौर्णिमेला चित्र लावायचं आहे. फोनवर तू पुरतं ऐकलं नसतंस, म्हणून लिहिलं. बळजबरी नाही. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा आनंदराजदादा

लातूर, ७ जानेवारी

ती. दादास, लुंबिनीचा जयभीम. वि. वि.

पत्र वाचून लई राग आला. आई गेल्यापासून ती वाकळ मी कुणाला पांघरू दिली नाही, अन् तू कात्री लावायला सांगतोस! साक्षी माझी लेक, पण बाजू तुझी घेते. विचारते, आजी काय कपाटात घडी करून ठेवायची होती का? मग मी वाकळ कपाटातून काढली.

कात्री काही चालवली नाही. एका कडेची शिवण उसवून पाहिली. आत आईने काय काय घातलंय! बाबांचं धोतर, माझा परकर, आणि तुझी पाचवीतली खाकी चड्डी! मागचं ठिगळ जसंच्या तसं. आम्ही मायलेकी हसून हसून रडलो. वाकळ पुन्हा शिवली. चड्डी सोबत पाठवते. धुतलेली नाही, घाबरू नकोस. वहिनीला जयभीम सांग. मला चिडवलंस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझी लुंबिनी

लोहा, १४ जानेवारी

चि. लुंबिनीस, सप्रेम जयभीम.

मालिवानने पुडकं उघडलं, ठिगळावरच्या आईच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि बुंध्यावर आधी चिकटवलेलं सगळं खरवडून काढलं. मी हात जोडून भंतेजींना म्हणालो, विहारात चड्डी बरी दिसायची नाही. ते हसून म्हणाले, अहो, भिक्खूंचं चीवरही टाकलेल्या चिंध्यांचंच असायचं.

काल पौर्णिमेला चित्र भिंतीवर लागलं. विहार गच्च भरला होता. बुंध्याजवळचं ते खाकी पाहून सटवाजीकाकांनी विचारलं, की हे कापड कुण्या मोठ्या माणसाचं हाय का? मी मान खाली घातली. ते ठिगळ लावताना आईने मला दोन धपाटे घातले होते. काल त्याच ठिगळापुढे सगळ्यांच्या आधी मी वाकलो.

साक्षीला घेऊन बघायला ये. चड्डी कुणाची हे मात्र इथे कुणाजवळ बोलू नकोस. एवढी दया भावावर राहू दे.

तुझा दादा