इनेशच्या आईशी मीच बोलणार

५ जानेवारी, सोमवार

आणि वरून तो क्लार्क म्हणते, मावशी, बारावीची मार्कशीट आणा! मी काय कलेक्टर व्हाले गेली होती? पोर्तुगीज शिकाले गेली होती. विद्यापीठाच्या बोर्डावर 'नवशिक्यांसाठी' लिहिलं आहे. मी सातवी शिकली, म्हणजे तर जास्तच नवशिकी. त्याले समजेना. त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. मागं लाईन लागली. शेवटी शिकवणाऱ्या चिन्मयी मॅडम आल्या. म्हणाल्या, बसू द्या मागच्या बाकावर, पण परीक्षा देता येणार नाही. परीक्षा कोणाले पाहिजे? मले एका बाईशी बोलायचं आहे.

ती बाई म्हणजे इनेशची आई. इनेश म्हणजे आमच्या पुष्करनं लिस्बनले पसंत केलेली पोरगी. दिवाळीत व्हिडिओ कॉल झाला. तिच्या आईले नीट समजावलं: लग्न नागपूरले, नंदनवनच्या लॉनवर, मे महिन्यात, आणि मुलाच्या आईचा मान काय असते ते. दम लागेपर्यंत बोलली. पुष्करनं ते सगळं दोन शब्दात उरकलं आणि ती बाई खुदखुद हसली. मान ऐकून कोणी हसते? पोरगं मधल्या मध्ये गाळून राहिलं आहे. आता मधला माणूसच नको. १ फेब्रुवारीले बैठक. तोवर शिकून होते. तिकडे दोन वर्षांची लेकरं बोलतात ती भाषा.

७ जानेवारी, बुधवार

आख्खा तास 'बोम दिया'. म्हणजे शुभ सकाळ. क्लास दुपारी चारले!

बाजूले वेदिका बसते. बी.ए.ची, नाजूक. प्रत्येक शब्द घोटून घोटून लिहिते. मी लिहीत नाही. माझ्या मेसमध्ये कोणत्या पोराले तिखट चालत नाही, हे मी लिहून ठेवते का?

१२ जानेवारी, सोमवार

ही भाषा नाकातून बोलतात. मले सर्दी आहे, म्हणून वर्गात माझाच उच्चार चांगला. मॅडम लगेच पुढच्या शब्दावर गेल्या. जळतात.

'सिम' म्हणजे हो. हे पक्कं झालं.

१९ जानेवारी, सोमवार

होमवर्क होतं, 'मी कोण' ते पाच वाक्यात लिहा. मी पाच वाक्यात मावत नाही. म्हणून लिहिलं नाही. मॅडमनं तोंड वाकडं केलं.

उद्यापासून सकाळी कणीक मळता मळता पाठांतर.

२१ जानेवारी, बुधवार

कणीक मळली.

आज घरी हळदीकुंकू, क्लासले गेली नाही. वेदिकाचा फोन: काकू, काहून नाही आल्या? आज नकार कसा द्यायचा ते शिकवलं, नोट्स पाठवू? म्हटलं, राहू दे वं. मले नकार शिकवते! जनम गेला नाही म्हणण्यात. सासूले नाही म्हटलं, घरमालकाले नाही म्हटलं. फक्त ह्यायले हो म्हटलं, ते भोगून राहिली.

हळदीकुंकवाले पुतणीची, भूमिकाची, सासू आली होती. त्यायनं भूमिकाच्या लग्नाची सुपारी फुटल्यावर हॉल बदला म्हटलं होतं. मीच भर बैठकीत उभी राहिली: चार माणसात सुपारी फुटली, विषय संपला. अजून माझ्यासमोर खाली मान घालून तिळगूळ घेते. असा धाक पाहिजे.

२८ जानेवारी, बुधवार

मॅडमले विचारलं, 'मुलाची आई वरचढ' हे पोर्तुगीजमध्ये कसं म्हणायचं? म्हणाल्या, असं काही म्हणत नाहीत तिकडे. म्हणत नाहीत कसं? सासवा नाहीत का? मॅडमले भाषा येतच नाही असा संशय आहे.

वर मलेच अक्कल शिकवली: समजलं नाही तर उगाच सिम म्हणू नका, थांबवून विचारा. म्हटलं, मॅडम, लग्नं जमवाले भाषा नाही, जरब लागते.

१ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

जिंकली!

सगळे आले. दीर मनोहरराव पुढं सुपारी घेऊन बसले. हे शिरा घेऊन. मी टीव्हीवर फोन जोडवून घेतला. पुष्कर तोंड उघडाले गेला तसं म्हटलं, तू चूप बस. बोम दिया म्हटलं. इनेशच्या आईचे डोळेच भरून आले. मग जी सुरू झाली! थांबली की माझ्याकडे पाहे, सगळे माझ्याकडे पाहत. मी म्हणे, सिम. पुन्हा बोले. पुन्हा सिम. पुष्कर आई, आई करून राहिला होता, त्याले डोळे वटारले. मनोहरराव म्हणाले, वहिनी, काय म्हणते? म्हटलं, तुमचा मान मोठा म्हणते, सगळं कबूल. फोडा. फोडली त्यायनं. तिकडे बाई टाळ्या वाजवून राहिली होती.

वेदिकाले जमलं असतं हे?

१ फेब्रुवारी, संध्याकाळी

पुष्करचा फोन.

लग्न तिकडे. तिच्या गावी, चर्चमध्ये, जूनमध्ये. मी सिम म्हटलं. पुष्कर तिकडंच घर घेणार. सिम. आणि जेवण मी करणार. सगळ्या गावाचं. सावजी रस्सा. ह्या पोट्ट्यानं मेसची तारीफ करून ठेवली होती. बाईनं विचारलं, तुम्हाले त्रास तर नाही होणार ना, खुशीनं करता ना? मी म्हटलं सिम, सिम.

मुलाची आई. मुलीकडच्यायच्या ताटात रस्सा वाढणार.

पुष्करले म्हटलं, तिले नाही म्हणून सांग. तर म्हणते, मधला माणूस नको होता ना तुले? मनोहररावायले म्हटलं. ते म्हणतात, वहिनी, चार माणसात सुपारी फुटली, विषय संपला. हे म्हणतात, मले पासपोर्ट लागेल का?

भूमिकाच्या सासूचाही फोन येऊन गेला. लय गोड बोलली.

२ फेब्रुवारी, सोमवार

क्लासले गेली. मॅडम रजेवर. क्लार्क म्हणते, मावशी, निरोप ठेवा. ठेवला. नकाराचा धडा हुकला, तो मले पुन्हा पाहिजे. आख्खा. शनिवारी इनेशची आई फोन करणार आहे, मसाला किती लागेल ते विचाराले. शिकवता का नाही, शुक्रवारपर्यंत सांगा.