मिनोरी ऊर्फ मिणमिणी

१४ जानेवारी १९७४, सोमवार. मलकापूर.

गाडी आली. अखेर आली! मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाने वापरलेली, लिलावात घेतलेली, अस्सल जपानी मिनोरी. रंग मोरपंखी. बॉनेटवर तीन पानांची चांदीसारखी खूण. कऱ्हाडात काय, उभ्या सातारा जिल्ह्यात अशी गाडी नाही.

बघायला गाव लोटला. पण कौतुक करतील तर शपथ! एकाने विचारलं, 'मिनोरी म्हंजी काय रं?' दुसरा म्हणाला, 'मिणमिणी.' दिवस मावळेपर्यंत अख्खं मलकापूर मिणमिणी म्हणायला लागलं. या लोकांना ॲम्बॅसिडरच्या पलीकडे अक्कल नाही.

सगळ्यात जास्त संताप आणला आबांनी. वडील बाहेर आले, बॉनेटसमोर उभे राहिले, त्या तीन पानांकडे बघत राहिले आणि तसेच आत गेले. सौ.ने तिळगूळ पुढे केला, तोही घेतला नाही. सणासुदीला! पोराची प्रगती बघवत नाही, दुसरं काय.

संकल्प : महाराष्ट्र दिनाच्या आत आबांना या गाडीत बसवणार. बसवणार म्हणजे बसवणार. शिवाय एक पुस्तक लिहिणार. 'मिनोरी : इतिहास आणि मालकांचे अनुभव.' मराठीत असं पुस्तक नाही. मी लिहिल्याशिवाय होणारही नाही.

१६ जानेवारी

गाडीच्या खणात कंपनीचं माहितीपुस्तक सापडलं. सगळं जपानीत. पण फोटो आहेत, आणि फोटोला भाषा लागत नाही. अर्धा दिवस बसून इतिहास लावला. पहिल्या पानावर पाण्याच्या पंपाशेजारी दाढीवाला म्हातारा. हा संस्थापक. (गिऱ्हाईकही असेल, पण चेहऱ्यावर तेज आहे, म्हणजे संस्थापकच.) तेव्हा कंपनी मूळची शेतकऱ्यांची. पुढे होड्यांची इंजिनं. मग एक लॉरी, मागे सारख्या टोप्या घातलेले कामगार रांगेने बसलेले. कामगारांची केवढी ती काळजी! मग मोटारी. पहिली तीन प्रकरणं जेवणाआधी लिहून मोकळा झालो.

सकाळी गाडी सुरू झाली नाही. पेट्रोलमध्ये भेसळ. एवढं महाग केलंय, आता स्वच्छ तरी द्या!

१९ जानेवारी

पुन्हा तेच. इंजिनला धाक बसावा म्हणून मी ॲक्सिलरेटर दणादण दाबत होतो. सौ. म्हणाली, 'आवं, पायाखाली इंचू सापडलाय का काय?' यंत्रातलं हिला काय कळतं.

शेवटी गल्लीने ढकलली. उतारावर सुरू झाली. ढकलणाऱ्यांना आत घ्यायला थांबलो असतो तर पुन्हा बंद पडली असती, म्हणून तसाच पुढे गेलो. त्यावरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. कृतघ्न.

२६ जानेवारी

आजचा अपमान मरेपर्यंत विसरणार नाही.

शाळेत झेंडावंदन. माजी सैनिक म्हणून आबा स्टेजवर. आबा लढाईत मराठा पलटणीत ड्रायव्हर होते, इंफाळपासून ब्रह्मदेशात पार आतपर्यंत गेलेले. हेडमास्तरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी जपानी माणसाच्या शिस्तीवर बोललो. शिस्तीवरून मिनोरी कंपनीवर आलो. पंपाचं प्रकरण संपवून लॉरीचं सुरू केलं, तोच आबा खुर्चीवरून उठले आणि भर सभेतून चालते झाले. पोरं हसली. मास्तरही हसले, रुमाल तोंडावर धरून.

घरी येऊन जाब विचारला. आबा म्हणाले, 'तुज्या जपान्यांची शिस्त मला सांगू नगंस. मी ती बघितलीया.'

मी म्हटलं, त्याला तीस वर्षं झाली. आता ते ट्रान्झिस्टर करतात, कॅमेरे करतात. म्हणाले, 'करू दे की. मी न्हाई म्हनतोय व्हय?' मग गाडीत का बसत नाही? आबा बैलाला वैरण टाकायला निघून गेले. हट्टी माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी तासभर बोललो.

१० फेब्रुवारी. सांगली.

पुस्तकासाठी मालकांचे अनुभव हवेत. दुसरी मिनोरी सांगलीत असल्याचा पत्ता लागला. (सातारा जिल्ह्यात नाही म्हटलं होतं, ते खरंच आहे. हा सांगली जिल्हा.) मालक हाफिजभाई, हळदीचे व्यापारी. गाडी, गादी आणि हाफिजभाई, तिघंही पिवळे.

माणूस तसा बरा. चहा पाजला. चार वर्षं गाडी वापरतात, तक्रार नाही म्हणाले. मग माझ्या गाडीत बसून मला एक चक्कर मारायला लावली. तीही बिनधक्क्याची नव्हती. परत आल्यावर म्हणाले, 'गाडी गुनाची हाय, नानासोसाहेब. पर तुमी रागानं पाय मारता. पेट्रोल तुंबतं, मग ती घुसमटती. बंद पडली तर घटकाभर गप बसायचं. बास.'

मी कॉलेजात दोन वर्षं काढली आहेत. हळद विकणाऱ्याकडून इंजिन शिकायला आलो नव्हतो. 'अनुभव क्रमांक एक' म्हणून फक्त 'गाडी गुणाची आहे' एवढंच उतरवून घेतलं. बाकीचं विषयाला धरून नव्हतं.

परत येताना आष्ट्याला चहाला थांबलो. नंतर सुरू होईना. दाबून दाबून पोटरीत गोळा आला. शेवटी कारखान्याला ऊस टाकून परत चाललेल्या बैलगाडीला मागे बांधली. गाडीवान उतरून माझ्या शेजारी मऊ सीटवर येऊन बसला, बैलांना वाट ठाऊक आहे म्हणाला. रस्त्याने लोक बैलांना नमस्कार करत होते. मला नव्हे.

३ मार्च

आज समजलं. तेसुद्धा आबांनी मला नाही सांगितलं, सुनेला सांगितलं! मी थोरला मुलगा, आणि मला घरातली गोष्ट भाकरी थापता थापता बायकोकडून कळते.

बॉनेटवरची तीन पानं आबांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. ब्रह्मदेशात जपान्यांच्या लॉऱ्यांवर हीच खूण असायची. पलटणीने एक लॉरी धरली आणि आबांच्या हाती दिली. कवठे महांकाळचे केरबा आबांचे जिवाभावाचे दोस्त, एका ताटात जेवणारे. त्यांना पोटात गोळी लागली. दुसरं वाहन नव्हतं. आबांनी त्यांना त्याच लॉरीत मागे घातलं आणि डोंगरातून दवाखान्याच्या तळाकडे निघाले. केरबा मागून हाका मारत होते. आबांनी सगळं ध्यान रस्त्यावर ठेवलं, ओ दिली नाही, बिगीनं पोचायचं एवढंच डोक्यात. मग हाका थांबल्या. आबांना वाटलं, झोप लागली. पलटणीतून सुटून आल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दरवर्षी एस.टी.ने कवठ्याला जातात ते केरबांच्या बायकोला, मनुबाईंना भेटायला. मला वाटायचं, हरभऱ्याच्या बियाण्यासाठी जातात.

ऐकून मी उडालोच. केवढा पुरावा! मिनोरी कंपनीचं वाहन, ब्रह्मदेशचे डोंगर, वर लढाई, आणि एकदाही बंद पडलं नाही! प्रत्यक्ष माझ्या घरात अनुभव क्रमांक दोन! तडक वही घेऊन गोठ्यात गेलो आणि आबांना विचारलं, ती लॉरी चढाला ओढायला कशी होती?

आबांनी पाण्याची बादली उचलून माझ्या अंगावर ओतली. भरलेली.

सौ. सकाळपासून ताट समोर आदळते आणि जाते. माझं काय चुकलं हे कोणी सांगेल का? मी कौतुकानेच विचारलं होतं!

५ मार्च

वही वाळत घातली आहे. शाई पसरून संस्थापकाचं प्रकरण गेलं.

१८ एप्रिल

कवठ्याहून मनुबाईंचे शेजारी धुळा सकाळच्या एस.टी.ने आले. मनुबाईंच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात मिरजेला न्या, ऑपरेशन करा. पण एस.टी.चे धक्के सोसवत नाहीत, आणि बाई हटून बसल्यात : 'हंबीरभावजी आल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढायची न्हाई.' हंबीरभावजी म्हणजे आमचे आबा.

मी मनात म्हटलं, सापडले आबा! आता बसावंच लागेल. (मनुबाईंचं वाईट वाटलं. तेही वाटलं.) पळत गाडीत जाऊन बसलो आणि दाबायला सुरुवात केली. घर्र घर्र. घर्र. मी दाबतोय, ती घुसमटतेय. गाडीला शिव्या घातल्या, जपानला घातल्या, पेट्रोल पंपवाल्याला घातल्या. धुळा दाराशी उभे राहून म्हणाले, 'एस.टी.नंच जाऊ या का?' त्यांनाही घातल्या.

आबा आले. धोतर, पैरण, हातात पिशवी. म्हणाले, 'उतर.'

उतरलो. का उतरलो कळत नाही. आबांनी बॉनेट उघडलं, त्या तीन पानांवर एकदा तळवा ठेवला आणि ओट्यावर बसून विडी पेटवली. मी ओरडलो, तिकडे बाई लोळतीय आणि तुम्ही विड्या ओढताय! आबांनी मान वर केली नाही. पण त्यांची काडी तीनदा विझली. मी पाहिलं. सौ.नेही पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला सरलो.

विडी संपली. बॉनेट लावलं. स्टिअरिंगपुढे बसले. किल्ली फिरवली. ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही.

सुरू झाली.

१८ एप्रिल, दुपार. कवठे महांकाळ.

हे मनुबाईंच्या ओसरीवर बसून लिहितोय. विटा, तासगाव, कवठे. म्हाताऱ्याने गाडी कुठे बंद पाडली नाही, कुठे आदळली नाही. लायसन्स नाही त्यांच्याकडे! तीस वर्षांत नाही!

मागच्या सीटवर मनुबाईंना आडवं केलं, डोकं सौ.च्या मांडीवर. पुढे आबांशेजारी धुळा, उचलायला माणूस हवा म्हणून. मी म्हटलं, आणि मी? आबा म्हणाले, 'तू हितं ऱ्हा. कोंबड्यांना दानं घाल. शेळी हाय.' माझी गाडी! माझ्या नावावरची!

निघताना आबा मागे वळून म्हणाले, 'मनुबाई, गप ऱ्हायचं न्हाई. मिरज येईस्तोवर माज्याशी बोलायचं. काय बी बोला.' आणि गाडी गेली. धूळ सगळी माझ्या तोंडावर.

तरीही नोंद घ्यावी : आबा गाडीत बसले. महाराष्ट्र दिनाच्या आत. संकल्प पुरा.

शेळीने धोतर चावलं.

२० एप्रिल. मलकापूर.

एस.टी.ने परत आलो. उभ्याने.

सौ.ही आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. तिने सांगितलं, मनुबाई वाटभर बोलत होत्या. कोंबड्या, विहिरीचं पाणी, भाऊबंदांची भांडणं. जरा थांबल्या की आबा पुढून विचारायचे, 'मग? फुडं?' मिरज दिसायला लागल्यावर मनुबाईंनी विचारलं, 'भावजी, त्येंनी शेवटाला काय हाका मारल्या वो?' आबांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि सांगितलं. काय सांगितलं ते सौ. मला सांगत नाही. म्हणते, ते पुस्तकातलं न्हाई.

मी फार वेळ विचारलंही नाही. रागावलो होतो, पण नक्की कोणावर ते ठरेना.

७ मे

मनुबाई बऱ्या होईपर्यंत आमच्याकडे आहेत. आबा रोज दुपारी त्यांना ड्रेसिंगला कऱ्हाडला नेतात. लायसन्स काढलं. साहेबाने परीक्षा घेतली आणि वर सलाम ठोकला म्हणे. किल्ली आबांच्या कमरेला. गावात 'हंबीररावांची गाडी' म्हणतात. मिणमिणी कोणी म्हणत नाही. माझ्या काळात म्हणत होते ते बरं चालत होतं!

पुस्तक तूर्त थांबवलं आहे. वाचकांची लायकी नाही.

आज संताप गिळून आबांना विचारलं, मला नीट शिकवाल का? त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, शिकवीन. उद्या सकाळी सहाला ये. पहिला महिना नुसतं पुसायचं.

सौ.कडून जुनं लुगडं मागून घेतलं आहे.