काळकाई स्पष्ट, मुलं धूसर

३ मार्च, सोमवार

आज सकाळी शाळेच्या पटांगणात पालथा पडलो. मुलांचा फोटो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा, असं यूट्यूबवरचा माणूस सांगतो. पडल्यावर लक्षात आलं की पाय काळकाईच्या देवळाकडे झालेत. तसाच सरपटत फिरलो. आता तोंड देवळाकडे, हात पुढे, हातात कॅमेरा, मधे मुलं. बनुबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. तिने पाटी उतरवली आणि माझ्या शेजारी दंडवत घातला. उठल्यावर म्हणाली, एवढं काय मागतोस रे हरी? म्हटलं, फोटो. म्हणाली, मग माग. आई कुणाला नाय म्हणत नाय.

फोटो आले, पण चपलांचे. सुरुवात चांगली झाली.

कारण लिहून ठेवतो. पहिलीला यंदा एकही नाव नाही. शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख सांगून गेले की जूनमध्ये एक तरी नाव दाखवा, नाहीतर ही पाच मुलं ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेत जातील. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी. मी सुचवलं की पाडव्याला फाट्यावर मोठा बॅनर लावू. मुंबईकर सुट्टीला आले की बघतील, मुलं गावी ठेवावीशी वाटतील. फोटो मी काढेन. भाचा रुचिरने त्याचा जुना कॅमेरा पाठवलाच आहे.

शाळेतल्या नीला मॅडम म्हणाल्या, हरीभाऊ, गावात सहा वर्षांचं मूल एकच आहे, तुमचा यशराज. म्हटलं, त्याचं महाडला इंग्लिश मीडियममध्ये ठरलंय. कागद देऊन झाले. तो विषय वेगळा.

६ मार्च

फोकस म्हणजे काय ते आज कळलं. बटण अर्धं दाबायचं, डोळ्यावर हिरवा चौकोन आला की पूर्ण दाबायचं. माझा चौकोन येतो तोवर वरद आंब्यावर चढलेला असतो. मुलांना सांगितलं, हलू नका. ती राष्ट्रगीताला उभी राहतात तशी उभी राहिली. चेहरेही तसेच. मग म्हटलं, नैसर्गिक खेळा, पण हलू नका. वैदेहीने विचारलं, मग खेळू की नको? चौकस मुलगी आहे. दुसरीत आहे, बनुबाईची नात.

८ मार्च

एक फोटो जमला. वैदेही हसतेय, डोळे लख्ख, पापण्या मोजाव्यात. आणि मागे काळकाईचं देऊळ पार पुसलेलं. कळस म्हणजे पिवळा डाग. बॅकग्राउंड धूसर झालं की समजा जिंकलात, असं तो यूट्यूबवाला म्हणतो. त्याच्या शाळेमागे देऊळ नसणार. ज्या आईपुढे नारळ फोडल्याशिवाय आपण नांगर धरत नाही, तिला डाग करून फाट्यावर टांगायची? फोटो डिलीट केला.

९ मार्च, रविवार

सुट्टी असून मुलांना बोलावलं. दुसऱ्या बाजूने काढायचं ठरवलं. पण मग माझी पाठ देवीकडे होते. शिवाय मागे शौचालय येतं. तिसऱ्या बाजूला ऊन डोळ्यांत, मुलं मिरची खाल्ल्यासारखी दिसतात. चौथ्या बाजूला मुरारी गुरवाची म्हैस. ती उत्तम फोकसमध्ये येते, हलत नाही.

म्हणजे बाजू पहिलीच योग्य. विचारांती ठरलेली गोष्ट पक्की असते.

१६ मार्च

होळी आटोपली. आज मुरारीला कौल लावायला सांगितला. त्याने देवीला पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, गाऱ्हाणं काय घालू? म्हटलं, फोटोत तुला थोडं धूसर केलं तर चालेल का, असं विचार.  तो म्हणाला, भाऊ, माझ्या बापजाद्यांनी लग्नं विचारली, विहिरी विचारल्या, चोर विचारले. हे कसं विचारू? शेवटी त्याने गाऱ्हाणं घातलं, बाई, हरी काय म्हणतो ते तुला समजलं असंल तर उत्तर दे.

उजवी पाकळी पडली. चालेल.

मन हलकं झालं. उद्या शेवटचा फोटो.

१७ मार्च

परवानगी मिळाली म्हणून लगेच वापरावी असं नाही. देवी मोठ्या मनाची आहे, आपण मर्यादा राखावी. बोट अर्ध्यावर होतं, चौकोन वैदेहीच्या डोळ्यावर होता. ऐन वेळी चौकोन कळसावर नेला.

फोटो छान आलाय. मुख्य वस्तू मधोमध ठेवू नये असा कंपोझिशनचा नियम आहे. मुलं डावीकडच्या कडेला आहेत, थोडी पळती, थोडी विरघळलेली. नियम पाळला, देवी राखली. अनुपमाला दाखवला. म्हणाली, यातली पोरं त्यांच्या आयांना ओळखू येणार नाहीत, पण देवळाचे पोपडे मोजता येतील. माझी बायको असली तरी तिला कलेतलं कळत नाही असं म्हणणार नाही. पोपडे खरंच मोजता येतात.

३० मार्च, पाडवा

बॅनर लागला. महाडहून छापून आणला. दहा फूट. वर ‘आपल्या मुलांसाठी आपली शाळा’, खाली माझं नाव, हुद्दा. मॅडम बघायला आल्या. म्हणाल्या, देऊळ सुंदर आलंय.

२ मे

मुंबईकर यायला लागले. बॅनरपाशी गाडी थांबवतात. आज एक कुटुंब उतरलं, चपला काढल्या, हात जोडले. मुलाला म्हणाले, जय बाप्पा कर. मग मला विचारलं, जीर्णोद्धाराची वर्गणी कुठं द्यायची?

शाळेत मात्र कोणी विचारायला आलेलं नाही. पण लक्ष वेधलं जातंय, हे महत्त्वाचं.

११ मे

बॅनरला झेंडूचा हार. कोणी घातला माहीत नाही. मुरारी खूश आहे, देवळात गर्दी वाढलीय म्हणतो.

टपरीवर कोंडाजी भेटला. चार लोकांत म्हणाला, अध्यक्ष, तुमच्या हाटेलात तुम्ही जेवत नाय, आन् आम्हाला म्हणता पाटावर बसा. लोक हसले. मीही हसलो. माणसाने टीका खेळीमेळीने घ्यावी. कोंडाजीचा नातू पनवेलला शिकतो, हे मी बोललो नाही. चहा कडू होता.

२५ मे

यशराजचा युनिफॉर्म आला. टाय इलास्टिकचा. त्याने विचारलं, वैदेही पण येणार ना गाडीत? म्हटलं, नाही, ती इथल्या शाळेत. म्हणाला, मग मी कोणाशेजारी बसू? लहान मुलं कुठलाही प्रश्न विचारतात.

८ जून

बनुबाई दारात आली, पण बसली नाही. म्हणाली, शाळा वढ्यापलीकडं गेली तर वैदेहीला मी धाडायची नाय. पावसात वढा माणूस उचलून नेतो. पोर घरी बसंल, भांडी घासंल. तिची आय पण तशीच बसली.

मी तिला समजावलं की बॅनरचा परिणाम हळूहळू होतो.

ती म्हणाली, तुझ्या घरात एक पोर हाय रे हरी. मला लिवता येत नाय, पण एवढं मोजता येतं.

 ती गेल्यावर अनुपमा भाकऱ्या जोरात थापत होती.

९ जून

देवळात जाऊन बसलो. कौल लावायचा विचार होता. मुरारीने पाकळ्या पुढे केल्या आणि विचारलं, आता काय धूसर करायचं? मी काही न विचारता परत आलो.

मूल चांगलं शिकावं असं प्रत्येक बापाला वाटतं. मी इथंच शिकलो आणि माझं काही अडलं नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. ते मी आतापर्यंत भाषणातच म्हणत आलोय.

१६ जून, सोमवार

आज शाळा उघडली. पट संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

सकाळी यशराजला घेऊन गेलो. टाय काढून ठेवला होता. दोन शब्द बोलायची तयारी केली होती, त्याग, गाव, कर्तव्य असे. ऐकायला कोणी नव्हतं. छप्पर गळत होतं आणि मॅडम पाणी लोटत होत्या. मी म्हटलं, यशराजचं नाव घालायला आलोय. त्या म्हणाल्या, बरं, जन्मदाखला? म्हटलं, तो महाडच्या शाळेत. म्हणाल्या, मग घेऊन या, आणि पोराला इथंच राहू द्या, तुम्ही भिजाल. मी म्हटलं, मॅडम, आज प्रवेशोत्सव, एखादा फोटो. त्या म्हणाल्या, आधी दाखला.

एसटीने महाड. तिथल्या क्लार्कने विचारलं, नाव का काढताय? वाटेत ठरवलेली तीन कारणं होती, एकही सांगितलं नाही. परतताना गाडी फाट्यावर थांबली तेव्हा खिडकीतल्या बाईने बॅनरकडे बघून नमस्कार केला. मीही केला.

शाळेत पोचलो तेव्हा मॅडम कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. यशराज वैदेहीच्या शेजारी बसला होता. मी आलो हे त्याला कळलंही नाही. दोघं पाटीवर काहीतरी काढत होती.

दाखला दिला. सही केली, अध्यक्ष म्हणून नाही, पालक म्हणून. यशराजचं नाव आपल्या शाळेत घातलं.