कुठे पाहाल

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा पूर्ण पिकलेला, डावा वाटेवर. नौपाड्यातल्या डॉ. नीला गुप्ते यांनी आज दुपारी दुजोरा दिला.

बातमी एवढीच. "काका, लवकर काढून टाकू," म्हणाल्या. मी म्हटलं, बघतो. मग दोघंही हसलो. बघतो!

दाजींची आठवण आली. माझे थोरले भाऊ. कल्याणला त्यांचं हेच ऑपरेशन झालं, एकसष्ट साली. डोळा चिघळला आणि गेला. नंतर खिडकीपाशी बसून विचारायचे, "पाऊस थांबला का रे?" बाहेर लख्ख ऊन असायचं.

घरी सुहासिनीला, बायकोला, सांगितलेलं नाही. आनंदलाही नाही. तो माझ्या हाताखाली उपसंपादक होता, आता इथल्या साप्ताहिकाचा संपादक. निवृत्तीनंतर नऊ वर्षं मी त्याला सिनेमाचं सदर देतो. शेवटी ठरलेली एक ओळ — 'कुठे पाहाल' — आणि थिएटरचं नाव. ज्याला दिसत नाही त्याने लोकांना कुठे पाहाल ते सांगायचं!

५ फेब्रुवारी, बुधवार

केबलवर रोज साडेपाचला शेळ्यांची कार्टून मालिका लागते. परदेशी आहे, हिंदीत बोलते. सातव्या मजल्यावर राहणारं शेळ्यांचं कुटुंब. बाप बोकड कारकून आहे. भूक लागली की कचेरीतला एखादा कागद खातो आणि मग त्या कागदात जे लिहिलेलं असतं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडतं. काल त्याने रजेचा अर्ज खाल्ला. दिवसभर जो भेटेल त्याला "पोटदुखीमुळे येऊ शकत नाही" म्हणत होता. मी एकटाच खो खो हसलो.

सुहासिनी म्हणाली, "पोरांचं काय बघता हो?" आणि स्वतःच टेकली.

खरं कारण लिहून ठेवतो. त्या शेळ्यांना जाड काळ्या रेघा आहेत, डोळ्यांत काजळ घालावं तशा. त्या मला दिसतात. बाकी जग तेलकट कागदातून बघितल्यासारखं. संध्याकाळी कोपरीच्या रस्त्यावर दिवे लागतात तेव्हा प्रत्येक दिव्याला पाकळ्या फुटतात. खाडीकडून येणारा माणूस आधी नुसता उजेड असतो, मग हळूहळू कुणीतरी होतो. वाईट नाही. फक्त घाबरायला होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

धरण फुटण्याचा इंग्रजी सिनेमा, हिंदीत डब केलेला. दुपारचा खेळ, एकटा गेलो. सुहासिनीला म्हटलं, तुला आवडणार नाही.

पहिला तास लोक भांडतात, लग्नं ठरवतात, इंजिनियर ओरडतो आणि कुणी ऐकत नाही. हिंदी संवाद ओठांना सापडत नाहीत. ते सगळं सोसलं. मग धरण फुटलं — आणि पडदा पांढरा झाला. निव्वळ पांढरा. एक मोठा आवाज, आणि त्या पांढऱ्यात मधूनच एखादी सावली, एखादं दार, एखादा हात. पाणी नाहीच! किती वेळ चाललं कोण जाणे. मी खुर्चीतून वर उचलला गेलोय आणि मला कसलीच घाई नाही, असं वाटत राहिलं.

तासाभरात लिहून टाकलं. 'पाण्याचा थेंबही न दाखवता दिग्दर्शकाने पूर दाखवला, हे त्याचं मोठेपण.' वाक्य बरं उतरलं. आवडलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अंक आला. पान तीन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मनुबाई चेंदणी कोळीवाड्यातून आमच्या दारी मासळी आणते, वीस वर्षं. आज पाटी उतरवायच्या आधीच सुरू झाली.

"भाऊ, तुमी कनचा सिनेमा बघलाव? आमच्या भगवाननं पेपर वाचून दाखवला — पानी नाय म्हनं! अवो, आवरा पानी! मना तं वाटला खाडीच आली आंगावर. नात माझी पदरात घुसली. आनि तुमी म्हनता थेंब नाय?"

मी म्हटलं, तसं नव्हे, कलेच्या दृष्टीने...

"दृष्टी ऱ्हाऊं दे. बोय घेता का?"

सुहासिनी बोयटं निवडत होती. तिचा हात थांबला. मनुबाई गेल्यावर म्हणाली, "कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

"तरीच परवा आमटीत मिठाऐवजी साखर घातलीत! मी आपली समजले, म्हातारा गोडीत आलाय."

हसली, पण लगेच आत गेली. भांडी जरा जोरात वाजली. बऱ्याच वेळाने आतून एवढंच — "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

मी दाजींचं नाव घेतलं. ती म्हणाली, "दाजींना भेटला तो छत्तीस वर्षांपूर्वीचा डॉक्टर. तुम्हाला आजचा भेटलाय. सोमवारी तारीख घेऊन येते."

१७ फेब्रुवारी, सोमवार

आनंदचा फोन. "सर, सतरा पत्रं आलीत. एक जण लिहितो, समीक्षकाला बुडवून दाखवा."

सांगून टाकलं सगळं. मग म्हणाला, "सर, डोळा आधी. खुलासा मी टाकतो. पण खरं सांगतो — मालक चिडलेत. अजून एक अशी चूक झाली तर सदर मला वाचवता येणार नाही."

बरोबर आहे त्याचं. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

शनिवारी ऑपरेशन.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं. लिहायला मनाई आहे. डाव्या डोळ्याने, जाड स्केचपेनने चोरून लिहितोय. आतल्या खोलीत उताणं पडून राहायचं. पट्टी शुक्रवारपर्यंत. उजव्या डोळ्यात दाजी येऊन बसलेत असं वाटतं. ठणकतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

टीव्ही बाहेरच्या खोलीत. सुहासिनी उंबरठ्यावर बसून शेळ्या बघते आणि मला सांगते. आवाज अगदी बारीक, डोक्याला ताण नको म्हणून. नुसती गुणगुण येते. काल मजा होती, आजचा भाग तर अफाट!

शेळीने बोकडाला पत्र लिहिलं, घरातल्या घरात. तोंडावर बोलता येईना म्हणून. बोकडाने ते न वाचताच खाल्लं. कचेरीत साहेबासमोर उभा राहिला, तोंड उघडलं, तर शेळीच बोलायला लागली — "मी काय परकी आहे का?" साहेब घाबरला. मग बोकड शिपायाला म्हणाला, "मला आधी सांगायला काय झालं होतं?" लिफ्टवाल्याला म्हणाला, "रात्री तुम्ही झोपलात की मी तुमच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघते." लिफ्टवाला रडायला लागला.

हसता हसता पट्टीखाली पाणी आलं. कुठून लिहितात ही माणसं?

२६ फेब्रुवारी, बुधवार

मजकूर द्यायचा वार. थिएटरात जाणं शक्य नाही, म्हणून शेळ्यांवर लिहायचं ठरवलं. मी तोंडी सांगितलं, सुहासिनीने उतरवून घेतलं. धरणाच्या सिनेमाने कोट्यवधी लिटर पाणी ओतून जे केलं नाही ते या बोकडाने एक कागद खाऊन केलं, असं काहीसं. शेवटी — 'या भागाचा लेखक कोण, ते समजू शकलं नाही. जो कोणी असेल त्याला एका जुन्या बातमीदाराचा नमस्कार.'

पेन थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही. नमस्कारातला स पूर्ण की अर्धा?"

मराठीची बाई होती ती शाळेत, एकतीस वर्षं! म्हटलं, दमली असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सुहासिनी बाजारात गेलेली. केबलवाला रतन दारातूनच ओरडला, "काका, सॉरी हां! ते कार्टूनचं चॅनल सोमवारपासून बंद आहे आपल्याकडे. पुढच्या आठवड्यात येईल."

पडून राहिलो. मग भिंत धरून फोनपर्यंत गेलो. अंक आज छपाईला जातो. आनंदला म्हटलं, दोनच दुरुस्त्या. लेखक समजला — सुहासिनी. आणि 'कुठे पाहाल'च्या पुढे घाल — कोपरी, आमची आतली खोली. आनंदने लिहून घेतलं. मग म्हणाला, "पट्टी सुटली की दोघंही ऑफिसात या." एवढंच. सदर राहिलं की गेलं, कळलं नाही.

तिला काही सांगितलेलं नाही. साडेपाचला उंबरठ्यावर येऊन बसली. विचारलं, "आज बोकडाने काय खाल्लं?"

"थांबा हो. सुरू तर होऊ द्या."

उद्या आठला अंक येईल. नऊला पट्टी सुटेल.