बंडी धुवायची नसते

३ मार्च, सोमवार

आजपासून बंडीची पाठ शिवायची! तीन वर्षं रिकामी ठेवली होती, याच मेटल बँडच्या पॅचसाठी. दोन वीत रुंद, काळा, मधोमध ऐरण आणि तिच्यावर पडणारा हातोडा. गेल्या वर्षी त्यांना समोर उभं राहून ऐकलं तेव्हाच घेतला. आता १५ तारखेला, शनिवारी, मैदानावर वाजवणार आहेत. त्या दिवशी बंडी पूर्ण हवी म्हणजे हवी.

आईच्या ट्रंकेच्या तळाशी सापडलं होतं हे जाकीट. बाह्या आधीच कापलेल्या, बंडी करायचे माझे कष्ट वाचले. मळ इतका की निळा रंग आठवावा लागे. कुणाचं गं हे, तर म्हणाली, "राहिलंय कुणाचं तरी. घे." घेतलं.

आज एक बाजू झाली. बोटाला तीनदा सुई टोचली. असू दे.

५ मार्च, बुधवार

मी कामाला जाते तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज अडवलंच. दातांच्या फटीत घालायचा मेणाचा दोरा — दवाखान्यात पेशंट तेवढेच, मग रिळं संपतात कशी? मी म्हटलं, लोकांच्या फटी वाढल्यात हल्ली. बाई हसल्या नाहीत. पण पॅच शिवायला त्या दोऱ्यासारखा दोरा नाही! ओढा, भिजवा, गर्दीत चिरडा, तुटत नाही. उद्या माझ्या पैशांनी एक रीळ आणून ठेवीन. चोर नाही मी.

८ मार्च, शनिवार

बाबा. मुख्याध्यापक, शाळेत असतात तसेच घरात. चहाचा कप खाली ठेवला आणि सुरू — "आम्ही ठिगळं लपवायचो. ही मिरवते!" वास येतो म्हणे. येणारच! बंडी धुवायची नसते. सात मैफलींचा घाम आहे तिच्यात, धूळ आहे, कुणाकुणाचं सांडलेलं आहे. धुतली की झाला नुसता कपडा.

मग फर्मान सुटलं. "ते अंगात घालून या दारातून बाहेर पडलीस तर परत आत यायचं नाही."

बरं. नाही येणार. आजोबांशी बोलून ठेवलं. (आजोबा म्हणजे आमच्या बंडीवाल्यांतले सगळ्यांत जुने, मीटर दुरुस्त करतात, पन्नाशीतच पांढरे झाले म्हणून हे नाव.) त्यांच्या मुलीच्या खोलीत एक गादी मावते.

आई? ती कधी बोलते? माझ्या हातातला दोरा बघून एवढंच म्हणाली, "दुहेरी घे. एकेरी कापडाला काचतो." टपाल कचेरीत पार्सलं शिवून माहीत असणार.

९ मार्च, रविवार

आजोबांकडे सगळे जमलो. एक नवीन मुलगी आली होती, तिच्या खांद्यावर आजोबांच्या तरुणपणीच्या एका बँडचा पॅच. आजोबांनी शांतपणे विचारलं, कुठे ऐकलास? ती म्हणाली, मोबाइलवर. आजोबांनी खिशातून छोटी कात्री काढून तिच्यासमोर ठेवली. नियम म्हणजे नियम! समोर ऐकला नाही त्याचा पॅच लावायचा नाही. बिचारीने तिथेच बसून उसवला. मग आजोबांनीच तिला चहा पाजला.

१२ मार्च, बुधवार

आईने बंडी धुतली.

साबणात भिजवून, ब्रशने घासून, दोरीवर उलटी वाळत घातली होती. कामावरून आले आणि दिसली. पाठीवरचा पॅच आकसून चुण्या पडलेल्या. साबणाचा वास!! तीन वर्षं गेली मोरीतून वाहून.

मी ओरडले. खूप. "तुला काय कळणार! आयुष्यभर शिक्के मारलेस दुसऱ्यांच्या पत्रांवर. स्वतःचं म्हणून एकदा तरी काही केलंस?"

ती चिमटे गोळा करत होती. करत राहिली.

१३ मार्च, गुरुवार

पाठीवरचा पॅच उसवला. चुण्या काढून परत शिवायचा होता. पण खाली वेगळंच निघालं. स्वच्छ झालेल्या पाठीवर एक त्रिकोण. गडद निळा, बाकी सगळं फिकट. आणि कडेने बारीक भोकं, ओळीने. इथे आधी काहीतरी होतं! कित्येक वर्षं होतं, तेवढ्यापुरतं ऊन लागलेलं नाही. मळाखाली मला कधी दिसलंच नाही.

आईला दाखवलं. "असेल काहीतरी," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. माझ्याशी बोलली तरी.

१४ मार्च, शुक्रवार

जेवताना बाबा म्हणाले, "मी तर कचऱ्याच्या गाडीतच टाकायला निघालो होतो बुधवारी. तुझी आई आडवी आली. म्हणाली, वासच ना, धुते. पण टाकायची नाही." मग माझ्याकडे न बघता, "वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला तिने."

माफी मागायची होती. उठून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले, भांडी पुसली, परत आले. लाज वाटते मला माझी.

ऐरण परत शिवली नाही. त्या त्रिकोणावर सुई घालवेना. उद्या पाठ रिकामी घेऊन जाईन. पण जाईन! पुढच्या दारानेच, बाबांसमोरून.

१५ मार्च, शनिवार, दुपार

पिशवी भरली, बंडी चढवली. आई आली, दार लोटलं. हातात बिस्किटांचा जुना डबा. त्यातून काळा त्रिकोण काढला, त्यावर हाताने रंगवलेलं एका बँडचं नाव, कडेला अजून मेणाच्या दोऱ्याचे तुकडे. पाठीवर ठेवला. भोकाला भोक जुळलं.

"धुवायची नसते, माहीत आहे मला," म्हणाली. सुईत दोरा ओवला. दुहेरी.

मला एवढंच सुचलं — पण आई, हा बँड मी ऐकलेला नाही. नियम आहे.

ती टाका घालत म्हणाली, "ऐकलायस. पोटात होतीस. हलू नकोस."